विशेष शिक्षकांच्या अर्हतेत पूर्वअध्ययनाची मान्यता

विशेष शिक्षकांच्या अर्हतेत पूर्वअध्ययनाची मान्यता म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या व्यक्तीने प्रत्यक्ष कामातून, कुटुंबातून किंवा अनौपचारिक प्रशिक्षणातून मिळवलेले ज्ञान व कौशल्य तपासून त्याला औपचारिक अर्हतेत पूर्णतः अथवा अंशतः स्थान देण्याची प्रक्रिया होय. भारतात विशेष शिक्षकांची अर्हता आणि नोंदणी हा विषय भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतो. अनुभवाचे थेट अर्हतेत रूपांतर करणारी सर्वसाधारण तरतूद परिषदेच्या मूळ कायद्यात नाही. सेतू अभ्यासक्रम, सेवांतर्गत दूरशिक्षण आणि काही मर्यादित कौशल्य परीक्षा यांच्या मार्गाने मात्र अनुभवी पण अप्रशिक्षित शिक्षकांना वेळोवेळी वाट करून देण्यात आली. दिव्यांग बालकाचा प्रशिक्षित शिक्षकावरील हक्क आणि अनेक वर्षे सेवा केलेल्या शिक्षकाची उपजीविका या दोन्ही बाजू या विषयात गुंतलेल्या असल्याने तो धोरण आणि न्यायालये या दोन्ही पातळ्यांवर चर्चिला गेला आहे.

संज्ञा

पूर्वअध्ययन या शब्दात शाळा-महाविद्यालयात आणि त्यांबाहेर आधी झालेले सर्व शिक्षण येते. त्याचे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत झालेले ते औपचारिक, कार्यशाळा किंवा संस्थांतर्गत प्रशिक्षणातून झालेले ते अनौपचारिक, आणि काम करता करता किंवा घरात सहज घडलेले ते सहज अध्ययन. ब्रेल लिपी एखाद्या अंध सहकाऱ्याकडून शिकलेला शिक्षक, किंवा कर्णबधिर आईवडिलांमुळे लहानपणापासून सांकेतिक भाषा बोलणारी व्यक्ती ही सहज अध्ययनाची उदाहरणे होत.

अनुभवाची मान्यता आणि पूर्वअध्ययनाची मान्यता यांत फरक केला जातो. पहिलीत सेवेची वर्षे मोजली जातात. दुसरीत त्या वर्षांत व्यक्ती काय शिकली हे तपासले जाते. दहा वर्षे एकाच चुकीच्या पद्धतीने शिकवलेल्या शिक्षकाकडे अनुभव असतो, परंतु अपेक्षित अध्ययन असतेच असे नाही. म्हणून पूर्वअध्ययनाच्या मान्यतेत मूल्यमापन हा अनिवार्य घटक समजला जातो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील विशेष शाळांचा इतिहास प्रशिक्षणाच्या सोयींपेक्षा जुना आहे. मुंबईत कर्णबधिरांसाठीची शाळा १८८५ मध्ये सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली अंध मुलींची शाळा पुढे दादर येथे स्थिरावली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ मध्ये कामायनी या संस्था उभ्या राहिल्या. या काळात विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम देशात मोजकेच होते. त्यामुळे बहुसंख्य शिक्षक ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाताखाली, वर्गातच घडत असत.

१९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. सामान्य शाळांतून संसाधन शिक्षक व फिरते शिक्षक यांची गरज त्यामुळे निर्माण झाली. १९८३ मध्ये मुंबईत कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. शिक्षक प्रशिक्षणाला त्यातून गती मिळाली, तरी तालुका पातळीवरील शाळांपर्यंत प्रशिक्षित मनुष्यबळ पोहोचण्यास बराच काळ लागला.

कायदेशीर चौकट

भारतीय पुनर्वास परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने भारतीय पुनर्वास परिषद कायदा संमत केला आणि २२ जून १९९३ पासून परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. कायद्यातील पुनर्वास व्यावसायिकांच्या व्याख्येत वाक्‌ व श्रवण तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आदींसमवेत विशेष शिक्षकांचाही समावेश आहे. मान्य अर्हता धारण करणाऱ्या व्यक्तीची नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत होते.

कलम १३ नुसार मान्य अर्हता आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला शासकीय अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत पुनर्वास व्यावसायिक म्हणून पद धारण करता येत नाही, तसेच देशात तो व्यवसायही करता येत नाही. या तरतुदीच्या भंगासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदा लागू झाला त्या दिवशी मान्य अर्हता असलेल्यांना सहा महिने नोंदणीकृत समजण्याची सवलत होती. मात्र ज्यांच्याकडे केवळ अनुभव होता, त्यांच्यासाठी मूळ कायद्यात स्वतंत्र तरतूद नव्हती. यामुळे अनेक वर्षे विशेष शाळांत शिकवणारे शिक्षक कायद्याच्या दृष्टीने एकाएकी अपात्र ठरण्याची स्थिती निर्माण झाली.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रशिक्षित शिक्षक उपलब्ध करून देण्याचे दायित्व शासनावर टाकले. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. या कायद्याच्या कलम १७ मध्ये ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणाऱ्या, दिव्यांग शिक्षकांसह, शिक्षकांना प्रशिक्षण देऊन नियुक्त करण्यास सांगितले आहे.

सेतू अभ्यासक्रम

या अडचणीवर तोडगा म्हणून परिषदेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेतू अभ्यासक्रम सुरू केला. २२ जून १९९३ पूर्वीपासून औपचारिक प्रशिक्षणाविना क्षेत्रात काम करणारे विशेष शिक्षक व पुनर्वास कार्यकर्ते हे त्याचे लाभार्थी होते. अल्प मुदतीचे प्रशिक्षण पूर्ण करून त्यांना परिषदेकडे नोंदणी करता येत असे. पूर्वअध्ययनाच्या मान्यतेचे हे भारतातील विशेष शिक्षण क्षेत्रातील पहिले व्यापक उदाहरण मानता येते.

सेतू अभ्यासक्रमाच्या रचनेत दोन गृहीतके दिसतात. एक, दीर्घ सेवा केलेल्या व्यक्तीला पूर्ण पदविका नव्याने करायला लावणे अनावश्यक आहे. दोन, केवळ सेवेच्या दाखल्यावर नोंदणी देणेही योग्य नाही; सिद्धांत, मूल्यमापन व कायदा यांची किमान ओळख आवश्यक आहे. हा अभ्यासक्रम एका विशिष्ट पिढीपुरता होता. १९९३ नंतर सेवेत आलेल्या अप्रशिक्षित व्यक्तींना त्याचा आधार घेता आला नाही.

सेवांतर्गत व दूरशिक्षण मार्ग

सेवेत राहून अर्हता मिळवण्याचा दुसरा मार्ग दूरशिक्षणाचा होता. भोपाळ येथील मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठाने परिषदेच्या सहकार्याने विशेष शिक्षणातील बी.एड. दूरशिक्षण पद्धतीने सुरू केले. सामान्य शाळांतील शिक्षकांसाठी ९० दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रमही राबवण्यात आला. पुढे इतर मुक्त विद्यापीठांनी असे अभ्यासक्रम चालवले. त्यात नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समावेश होतो.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने महाराष्ट्रात अनुभवाला प्रवेशाचा निकष मानण्याची परंपरा रुजवली. सामान्य बी.एड. साठी सेवेतील शिक्षकांना प्रवेश आणि बारावी उत्तीर्ण नसलेल्या प्रौढांना पदवीकडे नेणारा पूर्वतयारी शिक्षणक्रम ही त्याची परिचित उदाहरणे होत. मात्र येथे अनुभवामुळे प्रवेशाचे दार उघडते. अभ्यासक्रमाचा कालावधी किंवा श्रेयांक त्यामुळे कमी होत नाहीत. प्रवेशासाठी मान्यता आणि श्रेयांकासाठी मान्यता हे पूर्वअध्ययनाच्या मान्यतेचे दोन भिन्न स्तर आहेत.

उलट दिशेची तरतूदही आढळते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनुसार विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. धारकाची प्राथमिक शाळेत नियुक्ती झाल्यास त्याला नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा विशेष कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. एका क्षेत्रातील अर्हता मान्य करून दुसऱ्या क्षेत्रातील उणीव तेवढी भरून काढण्याची ही सेतूसारखीच कल्पना आहे.

सांकेतिक भाषा : कौशल्य परीक्षेचे उदाहरण

भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. कर्णबधिर पालकांची ऐकू येणारी मुले आणि कर्णबधिर व्यक्तींची ऐकू येणारी भावंडे यांच्या दुभाषी कौशल्याची पूर्वअध्ययन मान्यतेच्या तत्त्वावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय या केंद्राद्वारे करण्यात आली. ही व्यक्ती भाषा घरातच शिकलेली असते. तिला प्रारंभापासून भाषा शिकवण्याऐवजी तिची क्षमता तपासली जाते. हे प्रमाणपत्र दुभाषाचे आहे, विशेष शिक्षकाचे नव्हे. तरीही पुनर्वास क्षेत्रात सहज अध्ययनाला थेट मान्यता देणारे ते महत्त्वाचे उदाहरण ठरते.

राष्ट्रीय श्रेयांक चौकट

डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीने पूर्वअध्ययनाच्या मान्यतेला भारतात अधिकृत स्थान दिले. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत गवंडी, शिवणकाम, वाहनदुरुस्ती अशा व्यवसायांतील कामगारांची कौशल्ये तपासून प्रमाणपत्रे देण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाचे १२०० अध्ययन तास म्हणजे ४० श्रेयांक असे परिमाण ठरले आणि संबंधित अनुभवालाही, मूल्यमापनाच्या अटीवर, श्रेयांक देण्याची संकल्पना मांडली गेली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष शिक्षकांची तातडीची गरज नोंदवून सेवापूर्व व सेवांतर्गत काळात प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची, तसेच राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद व भारतीय पुनर्वास परिषद यांच्यात अधिक समन्वयाची शिफारस केली आहे. व्यवसाय नियमन करणाऱ्या परिषदांच्या अर्हता आणि श्रेयांक चौकट यांची सांगड कशी घालावी, हा या क्षेत्रातील मुख्य धोरणात्मक प्रश्न आहे. गवंड्याच्या प्रमाणपत्राअभावी त्याला काम करण्यास कायदा मनाई करत नाही. विशेष शिक्षकाच्या बाबतीत मात्र नोंदणी ही सेवेची पूर्वअट आहे.

न्यायालयीन निर्णय

रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सामान्य शाळांतील विशेष शिक्षकांची पदे निर्माण करून ती भरण्याचे निर्देश दिले. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. ७ मार्च २०२५ च्या आदेशात न्यायालयाने अनेक राज्यांत विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी वा तदर्थ स्वरूपात काम करत असल्याची दखल घेतली. अशा शिक्षकांच्या छाननीसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त, शिक्षण सचिव आणि पुनर्वास परिषदेचा प्रतिनिधी यांची समिती नेमण्यास सांगण्यात आले. छाननीत टिकण्यासाठी परिषदेची मान्य अर्हता आवश्यक राहिली. म्हणजेच दीर्घ सेवेला नियमित होण्याच्या संधीच्या दृष्टीने महत्त्व मिळाले, परंतु अर्हतेचा पर्याय म्हणून ती स्वीकारली गेली नाही.

सामान्य शिक्षकांच्या बाबतीतील एक निकट उदाहरण येथे उपयुक्त ठरते. २०१७ च्या दुरुस्तीनुसार सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत अर्हता मिळवण्याची मुदत देण्यात आली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी १८ महिन्यांची पदविका चालवली. देशभरातील दहा लाखांहून अधिक शिक्षक तीत सहभागी झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पदविका नियमित दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नसल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत पदविका पूर्ण केलेल्या शिक्षकांपुरती ती ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. सवलतीच्या मार्गाने मिळालेली अर्हता कोणत्या पदासाठी, किती काळ आणि कोणत्या राज्यात ग्राह्य धरली जाईल, हे आरंभीच स्पष्ट नसेल तर शिक्षकांना वर्षानुवर्षे अनिश्चिततेत राहावे लागते, हे या प्रकरणावरून दिसून आले.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात विशेष शिक्षकांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. पहिला, अनुदानित व विनाअनुदानित विशेष शाळांतील शिक्षकांचा. या शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाच्या आणि डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाच्या कक्षेत येतात. पुणे येथे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. दुसरा वर्ग सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून समग्र शिक्षा यांच्या समावेशित शिक्षण उपक्रमातील शिक्षकांचा. ते गटसाधन केंद्राशी संलग्न राहून अनेक शाळांना भेटी देतात, तसेच शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवतात. हे शिक्षक दीर्घकाळ कंत्राटी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

या दोन्ही वर्गांबाहेर एक तिसरा समूह आहे. विशेष शाळांतील काळजीवाहक, मदतनीस, कला व हस्तव्यवसाय निदेशक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि स्वतःच्या मुलासाठी शिकत जाऊन इतर मुलांनाही शिकवू लागलेले पालक यांचा त्यात समावेश होतो. पूर्वअध्ययनाच्या मान्यतेची सर्वाधिक गरज या समूहाला आहे. कारण सेवेतील शिक्षकांसाठीच्या सवलती त्यांना सहसा लागू होत नाहीत.

खामगाव व वऱ्हाड परिसर

बुलढाणा जिल्ह्यातील खामगावसारख्या तालुक्याच्या शहरात या प्रश्नाला भौगोलिक बाजूही आहे. जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ आहे. खामगाव हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. मुक्त विद्यापीठाचे संबंधित विभागीय केंद्र अमरावती येथे, तर केंद्र शासनाचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र नागपूर येथे आहे. खामगावहून अकोला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. नागपूरचे अंतर मात्र सुमारे ३०० किलोमीटर भरते.

दोन वर्षांच्या नियमित अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडून मोठ्या शहरात राहणे अशा ठिकाणच्या कार्यरत व्यक्तीला, विशेषतः संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांना, कठीण जाते. उदाहरणार्थ, विशेष शाळेत बारा वर्षे मदतनीस असलेली स्त्री मुलांना बटन लावणे, पैशांची ओळख, शौचाच्या सवयी हे सर्व शिकवत असली, तरी तिची नोंद शिक्षक म्हणून होत नाही. तिच्या कामाची तपासणी स्थानिक पातळीवर होऊन काही श्रेयांक मिळाले, तर उरलेला सिद्धांताचा भाग तिला दूरशिक्षणाने पूर्ण करता येऊ शकतो. मूल्यमापन केंद्र जिल्ह्यात असणे ही म्हणूनच या पद्धतीच्या यशाची एक पूर्वअट ठरते.

मूल्यमापनाच्या पद्धती

पूर्वअध्ययन तपासण्यासाठी पुढील साधने वापरली जातात :

कार्यसंचिका – उमेदवाराने तयार केलेल्या वैयक्तिक शिक्षण योजना, अध्यापन साहित्य, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी आणि सेवेचे दाखले यांचा संग्रह.
प्रत्यक्ष निरीक्षण – वर्गात किंवा घरभेटीत शिकवताना तज्ज्ञाने केलेली पाहणी.
कौशल्य चाचणी – ब्रेल वाचन-लेखन, सांकेतिक भाषा, श्रवणयंत्राची तपासणी, चलनवलन प्रशिक्षण यांसारखी कौशल्ये करून दाखवणे.
मुलाखत – एखाद्या विद्यार्थ्याबाबत घेतलेल्या निर्णयामागील कारणे सांगण्याची क्षमता तपासणे.
लेखी परीक्षा – बालविकास, दिव्यांगत्वाचे स्वरूप व कायदे यांचे ज्ञान तपासणे.

यांपैकी कार्यसंचिकेत एक अंगभूत अडचण आहे. जे शिक्षक उत्तम शिकवतात पण नोंदी ठेवत नाहीत, त्यांचे काम कागदावर दिसत नाही. याउलट नेटक्या कागदपत्रांमागे प्रत्यक्ष अध्यापन कमकुवत असू शकते. म्हणून संचिका आणि निरीक्षण यांचा एकत्र वापर अधिक विश्वसनीय मानला जातो. संचिकेत मुलांची छायाचित्रे व वैद्यकीय माहिती येत असल्याने पालकांची संमती आणि गोपनीयता यांचीही काळजी घ्यावी लागते.

इतर देशांत

फ्रान्समध्ये जानेवारी २००२ च्या कायद्याने अनुभवाधारे पदविका मिळवण्याचा हक्क दिला; परीक्षक मंडळ पूर्ण किंवा अंशतः मान्यता देऊ शकते. युरोपीय संघाच्या परिषदेने डिसेंबर २०१२ मध्ये ओळख, दस्तऐवजीकरण, मूल्यमापन व प्रमाणन हे चार टप्पे सुचवले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात अपुऱ्या प्रशिक्षणावर नेमल्या गेलेल्या शिक्षकांसाठी सुरू झालेल्या पदविकेत वर्गातील अनुभवाला श्रेयांक देण्यात आले. इंग्लंडमध्ये शिकवण्याचा पुरेसा अनुभव असलेल्या पदवीधरांसाठी प्रशिक्षणाविना केवळ मूल्यमापनाचा मार्ग उपलब्ध आहे. अमेरिकेत दिव्यांग बालकांच्या शिक्षणाविषयीचा संघीय कायदा विशेष शिक्षकांना राज्याचे पूर्ण प्रमाणपत्र आवश्यक ठरवतो. मात्र ते पर्यायी मार्गाने मिळवण्याची मुभा देतो.

मतमतांतरे

समर्थकांच्या मते पूर्वअध्ययनाच्या मान्यतेमुळे शिक्षकांची टंचाई कमी होते, ग्रामीण व स्त्री उमेदवारांना संधी मिळते आणि दिव्यांग व्यक्तींना स्वतः शिक्षक होण्याची वाट सुकर होते. अंध व कर्णबधिर शिक्षकांकडे असलेले जगण्यातून आलेले ज्ञान नियमित अभ्यासक्रमात क्वचितच मोजले जाते, याकडेही ते लक्ष वेधतात.

विरोधी मतानुसार दिव्यांग बालकांच्या वाट्याला आधीच कमी साधने येतात; त्यांच्या शिक्षकांच्या अर्हतेत सवलत दिल्यास कमी प्रतीचे शिक्षण कायमचे होण्याचा धोका असतो. आत्ममग्नता, बहुदिव्यांगत्व किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता यांविषयीचे ज्ञान गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलले असून जुन्या अनुभवातून ते मिळेलच असे नाही. मारहाण किंवा बांधून ठेवणे यांसारख्या चुकीच्या प्रथाही अनुभवाच्या नावाखाली टिकून राहू शकतात. शिवाय पूर्ण शुल्क भरून नियमित पदवी घेतलेल्या आणि नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या उमेदवारांवर अन्याय होतो, असाही आक्षेप घेतला जातो.

या दोन्ही मतांचा मेळ घालण्यासाठी अंशतः मान्यतेचा पर्याय सुचवला जातो. व्यावहारिक घटकांत कौशल्य सिद्ध झाल्यास तेवढ्यापुरती सूट द्यावी, सिद्धांत, नीती व कायदा यांचे घटक सर्वांना अनिवार्य ठेवावेत आणि नोंदणीनंतर सातत्यपूर्ण पुनर्वास शिक्षणाची अट सर्वांना समान असावी, असे या पर्यायाचे स्वरूप आहे. परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण अशा शिक्षणाशी जोडलेले असल्याने ही शेवटची अट विद्यमान व्यवस्थेत बसणारी आहे.

हेही पहा

भारतीय पुनर्वास परिषद
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६
समावेशित शिक्षण
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
भारतीय सांकेतिक भाषा